हजर असून गैरहजर

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या छापखान्यात, जिथे लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि एखादा दिवाळी अंक एकाच टेबलावर आपापल्या पाळीची वाट पाहत पडलेले असतात, एका सकाळी संगणकाने निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत असा निकाल दिला, की या संगणकात बसवलेली एकही हार्ड डिस्क सेटअपला सापडली नाही. आणि खाली, जणू अपिलाची सोयच नाही अशा थाटात, बाहेर पडण्यासाठी एफ-३ ही कळ दाबावी, एवढीच सूचना होती. दुरुस्तीला आलेल्या तरुणाने पेटीचे झाकण लावले, "अण्णा, डिस्क गेली, नवी टाकावी लागेल," असे सांगितले आणि तो दुसऱ्या कामाला निघून गेला. अण्णांचे वय सत्तरीपुढचे. सारी हयात ट्रेडल यंत्राच्या खडखडाटात गेलेली, त्यामुळे आवाजावरून यंत्राची प्रकृती ओळखण्याची विद्या त्यांच्या कानात मुरलेली. त्यांनी मला फोनवर एकच प्रश्न केला : "गेलेली डिस्क अशी एका सुरात फिरेल होय हो?"

हा संगणक छापखान्यात अजून नांदतो आहे, त्याला कारण मराठी अक्षर. युनिकोड सर्वत्र रुजण्यापूर्वी इथल्या छापखान्यांनी पदरमोड करून अक्षरजुळणीचे जे कार्यक्रम घेतले, त्यांचे फॉन्ट आपापल्या खाजगी संकेतांवर चालत. एकात जुळवलेला मजकूर दुसऱ्यात उघडावा, तर पुढ्यात अगम्य चिन्हांची रास पडे. अण्णांच्या कार्यक्रमाला तर पेटीच्या पाठीमागे पॅरलल पोर्टात खोचायचे एक कुलूप लागते, ज्याच्यावाचून तो काना-मात्राही उमटवीत नाही. कुलूप जुने, म्हणून त्याला ओळखणारी विंडोज एक्सपीही जुनी. ही प्रणाली २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिच्या निर्मात्यांनी तिची देखभाल थांबवली. परंतु सेवानिवृत्त फौजदाराचा दरारा गल्लीत जसा पुढेही टिकून राहतो, तशी ती अशा कोपऱ्यांतून आपले काम बजावीतच असते.

मी गेलो तेव्हा प्रथम जे करायचे तेच केले. पेटी उघडून केबल हाताने दाबून पाहिली, कारण साटा जातीच्या आरंभीच्या केबलींना अडकवणीची क्लिप नसे आणि सात संपर्कांची ती चपटी खोबण नुसत्या हादऱ्यानेही सैल पडू शकते. त्याआधीच्या रुंद फितीसारख्या केबलीची तऱ्हा वेगळी होती. तिच्यात ऐंशी तारा आल्यावर निळे टोक मदरबोर्डाला, काळे मास्टर डिस्कला आणि करडे स्लेव्हला, असा दंडक पडला होता, आणि डिस्कच्या पाठीवर तांदळाच्या दाण्याएवढा जो जम्पर असे, तो चुकीच्या जागी बसला तर दोन डिस्का एकमेकींच्या पायांत पाय घालून दोघीही बेपत्ता होत. इथे तसे काही नव्हते. केबल घट्ट होती. मग यंत्र सुरू होताच डिलीटची कळ दाबून बायोसच्या पडद्यावर गेलो, आणि तिथे ती 'गेलेली' डिस्क आपल्या नावानिशी, अनुक्रमांकानिशी आणि ८० गिगाबाइट क्षमतेनिशी ठणठणीत हजर होती.

येथे वाचकाला स्वाभाविक शंका येईल, की एकाच पेटीतल्या दोन कारभाऱ्यांपैकी एक जिला पाहतो, ती दुसऱ्याला दिसत नाही, हा काय प्रकार? बायोस हा गावचा पाटील. यंत्राला वीज मिळताच तो प्रथम जागा होतो, कोण हजर आहे याची हाक घालतो आणि स्वतःच्या ओळखीच्या जोरावर डिस्क किंवा सीडी वाचून देतो. डॉसच्या काळात सारे राज्य याच पाटलाच्या शब्दावर चाले. डिस्ककडून काही हवे असले, की डॉस बायोसकडे अर्ज करी आणि बायोस ते आणून देई, म्हणून डिस्क कोणत्या जातीच्या कंट्रोलरला जोडली आहे याची चौकशी करण्याचे डॉसला कारणच पडत नसे. एक्सपीचे घराणेच निराळे. ती एनटीच्या कुळातली. तिचा गाभा एकदा स्मृतीत चढला, की तो बायोसचा सोळा बिटी कारभार मागे टाकतो आणि प्रत्येक उपकरणाशी आपल्या स्वतःच्या ड्रायव्हरमार्फतच बोलतो. सेटअपचा निळा पडदा येतो, फायलींची नावे तळाशी सरकत जातात, तोवरचे सगळे बायोसच्या भरवशावर वाचलेले असते. त्यानंतर जो क्षण येतो, तो नव्या मामलेदाराने चार्ज घेण्याचा क्षण. मामलेदार पाटलाची तोंडी साक्ष मानत नाही, तो आपले दप्तर पाहतो. आणि दप्तरात ज्याची नोंद नाही, तो शेतकरी शेतात नांगर धरून उभा असला तरी सरकारदरबारी गैरहजर.

दप्तरात नोंद का नव्हती, हे तारखांवरून उमगते. एक्सपी जन्मली तेव्हा घरोघरच्या यंत्रांत रुंद फितीचीच डिस्क होती, आणि तिच्यासाठीचा ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीत होता. साटाचे पक्के मानक २००३ सालच्या आरंभी आले. आणि त्या नव्या तारेचे सर्व गुण वापरता यावेत म्हणून कंट्रोलरशी बोलण्याची जी नवी रीत ठरली, ती एएचसीआय, २००४ सालची. इंटेलच्या आयसीएच-६ या चिपने त्याच वर्षी ती बाजारात आणली. म्हणजे जी भाषा आपल्या जन्मानंतर तीन वर्षांनी घडली, ती एक्सपीला येत नाही, यात तिचा दोष कोणता? पुढे तीन सर्व्हिस पॅक निघाले. त्यांनी पुष्कळ डागडुजी केली, परंतु ही भाषा सीडीत घातली नाही.

तसे पाहिले, तर डिस्क आणि तिला ओळखणारे यांच्यात हा बेबनाव एक्सपीनेच प्रथम अनुभवला असे नाही. आयबीएमचा १९८१ सालचा मूळ पर्सनल कॉम्प्युटर हार्ड डिस्कवाचूनच विकला जाई. १९८३च्या एक्सटी यंत्रात १० मेगाबाइटची डिस्क आली आणि तीच अमाप वाटली. मग बायोसच्या मोजणीची हद्द १०२४ सिलिंडरांची, डिस्कच्या जोडणीची हद्द १६ हेडांची, दोहोंनी मिळून ६३ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटांचा, असा हिशेब जमून ५२८ मेगाबाइटांपलीकडची डिस्क कोणाच्या नजरेतच भरेना. ती भिंत ओलांडली, तर पुढे १३७ गिगाबाइटांची उभी राहिली, कारण सेक्टरचा पत्ता लिहायला २८ बिटच राखून ठेवलेले होते. मूळ एक्सपीही याच भिंतीआड होती, आणि २००२च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने तिला त्यातून बाहेर काढले. आजही ज्याच्याजवळ अगदी पहिल्या आवृत्तीची सीडी आहे आणि ज्याने ती मोठ्या डिस्कवर चालवली आहे, त्याला डिस्क दिसते खरी, पण तोकडी दिसते. प्रत्येक पिढीने आकडा पुरेसा मोठा समजूनच ठरवला होता.

एक्सपीच्या कर्त्यांनी मात्र अनोळखी पाहुण्यासाठी एक दिंडीदरवाजा ठेवला होता, आणि त्याचे नाव एफ-६. सेटअप सुरू होताच पडद्याच्या तळाशी काही सेकंदांपुरती एक ओळ चमकून जाते : बाहेरच्या निर्मात्याचा स्कझी किंवा रेड ड्रायव्हर टाकायचा असल्यास एफ-६ दाबा. माझ्या मते या ओळीने जितक्या लोकांना चकवले, तितके दुसऱ्या कशाने क्वचितच चकवले असेल. स्कझी आणि रेड हे शब्द मोठ्या कचेऱ्यांतल्या सर्व्हरचे. ज्याच्या पेटीत एकुलती एक साधी डिस्क आहे, त्याला ते वाचून वाटते, की ही हाक आपल्यासाठी नव्हे, आणि तो हात बांधून बसतो. हाक त्याच्यासाठीच असते. कळ वेळेवर दाबली, तरी लगेच काहीच घडत नाही. सेटअप आपल्या फायली सावकाश चढवीत राहतो आणि बऱ्याच वेळाने विचारतो, की आणखी उपकरण नोंदवायचे असल्यास एस दाबा. त्यानंतर तो ड्रायव्हर मागतो फ्लॉपीवर, आणि तीही 'ए' ड्राइव्हमध्ये. सीडी नको, पेन ड्राइव्ह नको, १.४४ मेगाबाइटची साडेतीन इंची चकती, जिच्या मुळाशी टीएक्सटीसेटअप डॉट ओईएम नावाची चिठ्ठी असलीच पाहिजे. फ्लॉपीची ती करकर ज्याने एकदा ऐकली आहे, त्याला मी काय म्हणतो ते कळेल. मग कंट्रोलरांच्या नावांची यादी येते. तिच्यात आपल्या चिपचे नेमके नाव निवडावे लागते, आणि जवळपासचेच पण परके नाव निवडले, तर शिक्षा म्हणून ७बी क्रमांकाचा निळा पडदा मिळतो. शिवाय फ्लॉपी लगेच काढून घ्यायची नसते. डिस्कवर फायली उतरवताना सेटअप ती दुसऱ्यांदा मागतो, आणि पहिल्या यशाने हुरळून तिची चुकून दुसरीकडे रवानगी करणारे पुष्कळ भेटतात. हा द्राविडी प्राणायाम टाळण्यासाठी काही हौशी मंडळी ड्रायव्हर आधीच सीडीत मिसळून नवी सीडी तयार करीत. एनलाइट हा कार्यक्रम त्या कामी प्रसिद्ध होता, आणि ज्याला अशी वीस यंत्रे उभी करायची असत, त्याला त्यासारखा सोबती नव्हता.

परंतु छापखान्यात फ्लॉपी नव्हती, आणि तिची गरजही नव्हती. कंट्रोलरजवळ ओळख सांगण्याच्या दोन तऱ्हा असतात. पीसीआयच्या व्यवस्थेत प्रत्येक चिप आपल्या निर्मात्याचा क्रमांक सांगते (इंटेलने आपल्यासाठी ८०८६ हा घेतला, जो तिच्या १९७८ सालच्या प्रोसेसरचे नावच आहे), त्यामागोमाग आपला क्रमांक आणि आपला वर्ग सांगते. आयसीएच-७ जातीची चिप बायोसमध्ये आयडीई हा पर्याय निवडल्यास २७सी० या क्रमांकाने आणि ०१०१ या वर्गाने उभी राहते; तीच चिप, त्याच जागी, त्याच केबलीसह एएचसीआयवर ठेवली, की २७सी१ आणि वर्ग ०१०६. पहिला वर्ग एक्सपीच्या दप्तरात आहे, दुसरा नाही. म्हणून ज्या बायोसमध्ये हा पर्याय दिलेला आहे, तिथे दहा मिनिटांची यातायात एका ओळीत आटोपते. एएचसीआय सोडल्याने डिस्कला मिळणाऱ्या हुकुमांचा क्रम सोयीप्रमाणे लावून घेण्याचा तिचा गुण वाया जातो, हे कबूल. लग्नपत्रिका छापणाऱ्या यंत्राला त्याची उणीव भासत नाही, आणि शुद्धतेच्या हट्टापायी म्हातारबुवांना नवी भाषा शिकवीत बसण्यात मला तरी स्वारस्य नाही.

मी बायोसमधली ती ओळ पाहिली. एएचसीआय. मग प्रश्न निराळाच उभा राहिला. इतकी वर्षे हे यंत्र चालले, ते कोणत्या रीतीने, आणि आज ही रीत बदलली कोणी? पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेले, तर तारीख कित्येक वर्षे मागची, मदरबोर्डाच्या जन्मकाळाजवळची. मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल असतो. वीज नसताना घड्याळ चालते आणि बायोसच्या निवडी टिकतात, त्या याच्या बळावर. तो सेल संपला होता. रात्री मुख्य बटण बंद झाले, बायोसची आठवण गेली, सकाळी त्याने कारखान्यातून बाहेर पडतानाची मूळ निवड पुन्हा धरली, आणि डिस्कवरची एक्सपी, जी आयडीईच्या रीतीने वाढलेली होती, ती सुरू होता होता आपलीच डिस्क न ओळखता आल्याने कोसळून पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागली. आलेल्या तरुणाने 'विंडोज उडाली' असे समजून सीडी घातली; सीडीलाही डिस्क दिसेना. दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, म्हणून त्याला ती खरी वाटली. पण दोघांचीही दृष्टी एकाच कारणाने अधू होती, हे त्याच्या ध्यानी आले नाही. त्याला मी फार दोष देत नाही. उलट सेटअपला डिस्क दिसली नाही हेच बरे झाले. दिसली असती, तर 'फॉरमॅट मारून' नवी विंडोज टाकण्याच्या घाईत अण्णांचे सगळे जुळवलेले अंक, गिऱ्हाइकांच्या पत्रिका आणि तो कुलूपबंद कार्यक्रम एका कळीसरशी नाहीसा झाला असता.

कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानातून सेल आणला. निवड आयडीईवर नेली, तारीख लावली, सीडी काढून घेतली. निळा पडदा आला नाही. हिरव्या टेकडीचे ते सुपरिचित चित्र आले, आणि आदल्या संध्याकाळी अर्धवट राहिलेली पतसंस्थेच्या अहवालाची फाइल जिथल्या तिथे उघडली. अण्णांनी त्याआधी एकच काम मला करू दिले नाही : डिस्कच्या प्रतीसाठी मी बाहेरची डिस्क मागितली, तेव्हा ते म्हणाले, "आधी अहवाल निघू दे, मग तुझी प्रत."

प्रत त्याच दुपारी काढली. पेटीच्या आतल्या बाजूस आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर अण्णांच्या वळणदार अक्षरात सेल बदलल्याची तारीख आहे आणि खाली लिहिले आहे : डिस्क दिसेनाशी झाल्यास प्रथम घड्याळ पाहावे.