अडलेला लेख कसा सुटतो

शाळेच्या शताब्दीची स्मरणिका निघणार असते आणि माजी विद्यार्थी म्हणून तुमच्याकडे लेख मागितलेला असतो. आठवणी भरपूर, सवडही काढलेली. तरी पहिलं वाक्य लिहून खोडलं जातं, दुसरंही खोडलं जातं आणि तासाभराने कागद कोराच राहतो. ‘मला लिहिता येत नाही’ असं ठरवून टाकण्याआधी लेख नेमका कुठे अडलाय ते पाहावं. अडण्याच्या जागा निरनिराळ्या असतात आणि एका जागेचा उपाय दुसऱ्या जागी लागू पडत नाही.

खोडण्यापासून सुरुवात करू, कारण माझ्या मते सर्वांत जास्त लेख तिथेच अडतात. लिहिताना मनात तीन कामं चाललेली असतात: काय सांगायचं ते ठरवणं, ते शब्दांत आणणं आणि आलेलं तपासणं. लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज या अमेरिकी संशोधकांनी १९८१ मध्ये दाखवलं, की ही कामं एकामागून एक होत नाहीत. ती सतत एकमेकांत येत-जात असतात. तपासणी फार लवकर आणि फार जोरात आली, की वाक्य पुरं होण्याआधीच मोडतं.

ती इतकी लवकर का येते? माइक रोझ यांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दहा विद्यार्थ्यांशी बोलून याचा शोध घेतला आणि १९८० मध्ये तो मांडला. त्यांतले पाच जण लिहिताना अडत, पाच अडत नसत. अडणाऱ्यांच्या मनात काही नियम घट्ट बसले होते. प्रत्येक वाक्य पहिल्याच झटक्यात निर्दोष उतरलं पाहिजे, पहिल्या परिच्छेदातच वाचकाला पकडलं पाहिजे, असे. न अडणाऱ्यांकडेही नियम होते. पण नियम कामी येईना, तर ते तो बाजूला ठेवत. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण नियम बदलता येतो.

कच्च्या खर्ड्यापुरता नियम असा ठेवा: खोडायचं नाही. लेखनाचे शिक्षक पीटर एल्बो यांनी १९७३ च्या पुस्तकात सुचवलेली रीत सोपी आहे. दहा मिनिटं पेन थांबवायचं नाही. काही सुचलं नाही, तर ‘सुचत नाही’ हेच लिहायचं. सुरुवात शोधत बसू नका, जे आधी डोळ्यांपुढे येईल तिथून निघा. समजा, शाळेची घंटा आठवली. रेल्वेच्या रुळाचा टांगलेला तुकडा, त्यावर पडणारा लोखंडी दांडा, शेवटच्या तासाला तिकडे लागलेले कान. एवढं कागदावर आलं, की पुढचे प्रश्न आपसूक उभे राहतात. घंटा कोण वाजवायचं? गावात रेल्वे नसताना रूळ आला कुठून?

इथे अडलात, तर अडचण लिहिण्याची नाही, माहितीची आहे. मग टेबलाशी बसून उपयोग नाही. जुन्या शिपाईकाकांना भेटा, शाळेचं हजेरीपुस्तक बघायला मागा. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ १९१०-११ च्या हिवाळ्यात, काही महिन्यांत पेन्सिलीने लिहून काढलं; पण गीतेचा विचार त्यांच्या मनात १८७२ पासून, आजारी वडिलांना गीतेवरची टीका वाचून दाखवत असल्यापासून, चालू होता. साठा असला, की हात भरभर चालतो.

माहिती आहे, खोडणंही थांबलं, तरी भाषा ताठरलेली वाटते? मग डोळ्यांपुढे मुख्याध्यापक, विश्वस्त, सारा गाव असणार. त्यांच्याऐवजी एकालाच लिहा, शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मित्राला. जॉन स्टाइनबेक १९५१ मध्ये ‘ईस्ट ऑफ ईडन’ लिहीत असताना वहीच्या डाव्या पानावर आपले संपादक पास्कल कोविची यांना पत्र लिहीत आणि उजव्या पानावर कादंबरी. पत्रात हात मोकळा झाला, की कादंबरीकडे वळत.

मूड लागण्याची वाट मात्र पाहू नये. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी १९८३ मध्ये प्राध्यापकांवर केलेल्या प्रयोगात रोज लिहिण्याचं बंधन असलेल्यांनी जास्त तर लिहिलंच, शिवाय नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या. रोज अर्धा तास, ठरलेल्या वेळी, पुरतो. उठताना कादंबरीकार हेमिंग्वे यांची सवय उचलावी: पुढे काय येणार हे ठाऊक असतानाच थांबायचं. लिहिण्याबरोबर झोप, भूक, माणसांत मिसळणंही आठवड्यानुआठवडे सुटलं असेल, तर या युक्त्या बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटावं.

खर्डा पुरा झाला, की तपासणीला तिचा पूर्ण मान द्या. एक रात्र जाऊ द्या, मग मोठ्याने वाचा. जीभ अडखळेल तिथे खूण करा. पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचून बघा. बऱ्याचदा लेख तिथूनच सुरू होत असतो आणि वरचं सगळं काढून टाकता येतं.