झाकण ठेवून न विझणारी आग

काडेपेटीतल्या काडीच्या टोकावर दोन वेगळ्या स्वभावांचे पदार्थ शेजारी नांदत असतात. एक गंधक, म्हणजे जळणारा. दुसरा पोटॅशियम क्लोरेट. तो स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला ऑक्सिजन पुरवतो. काडी पेटीच्या कडेवर घासली की दोघांचं जमतं आणि भडका उडतो. पहिला ज्वलनशील घन पदार्थ, दुसरा ऑक्सिडक. हेच पदार्थ टनांनी पेटतात तेव्हा अग्निशमन दलाची परीक्षा असते, कारण दोघांवरचा उपाय एक नाही.

आगीबद्दलचं आपलं घरगुती शहाणपण हवा तोडण्यावर उभं आहे. कढईतलं तेल पेटलं तर झाकण ठेवा, कपडे पेटले तर घोंगडी गुंडाळा. आता अमोनियम नायट्रेट घ्या. दिसायला पांढरं, साधं खत. पण त्याच्या १०० किलोंत ६० किलो निव्वळ ऑक्सिजन असतो! रेणूतच शिदोरी बांधून आलेल्या या पदार्थाला बाहेरची हवा तोडून काय फरक पडणार? उलट कोंडलं की उष्णता साठते, दाब चढतो, विघटन वेग घेतं. आणि ते टोकाला गेलं, तर पांढऱ्या ढिगाचा अख्खा वायू होतो. नायट्रोजन, ऑक्सिजन, पाण्याची वाफ. चिमूटभर राखही मागे उरत नाही.

अमेरिकेतल्या टेक्सास सिटी बंदरात १६ एप्रिल १९४७ रोजी नेमकं हेच कोंडणं घडलं. ‘ग्रँडकँप’ या फ्रेंच जहाजात सुमारे २३०० टन अमोनियम नायट्रेट कागदी पोत्यांत भरलेलं होतं. महायुद्धानंतरच्या युरोपातल्या शेतांसाठी निघालेलं. सकाळी आठच्या सुमारास पोत्यांमधून धूर दिसला. कामगारांनी हाताशी असलेलं थोडं पाणी ओतून पाहिलं, उपयोग झाला नाही. नळीने पाणी मारलं तर माल वाया जाणार, म्हणून कप्तानाने कप्प्याची दारं लावून घेतली, वर ताडपत्र्या ओढल्या आणि आत वाफ सोडायला लावली. कप्तान मूर्ख नव्हता. जहाजावरच्या आगीसाठी वाफ कोंडणं ही रुळलेली पद्धत होती. इथे मात्र तिने आगीला ऊब तेवढी दिली.

धूर नारिंगी रंगाचा होता. नायट्रोजनच्या ऑक्साइडचा तो रंग म्हणजे खरं तर पळण्याचा इशारा, पण तो इतका देखणा दिसत होता की लोक धक्क्यावर बघायला जमले. ९ वाजून १२ मिनिटांनी जहाज फुटलं. जवळपास दोन टनांचा नांगर अडीच किलोमीटर लांब जाऊन पडला. गावाच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात २८ जण होते, त्यांतले २७ गेले. शेजारी उभ्या ‘हाय फ्लायर’ जहाजात तेच खत होतं आणि जोडीला १८०० टन गंधक. काडीच्या टोकावरची जोडी, फक्त जहाजाच्या मापाची. ते मध्यरात्रीनंतर फुटलं. एकूण मृतांचा आकडा ५८० च्या घरात गेला.

मग करायचं काय? भरपूर पाणी, लांबून आणि अगदी सुरुवातीला. पाणी इथे हवा अडवण्यासाठी नसतं. ते ढिगाला विघटनाच्या तापमानाखाली ओढतं. कोरडी पावडर आणि फेस इथे कुचकामी. आगीने जोर धरला असेल, तर जवान मागे घेणं हाच उपाय. धाडशी माणसाला तो पचवणं अवघड जातं.

आता नेमका उलटा मामला बघा. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकलं तर तो धातू पाण्यातला ऑक्सिजन हिसकावतो आणि हायड्रोजन मोकळा सोडतो, म्हणजे आगीला नवं इंधन. कार्बन डायऑक्साइड सोडला तर त्यातलाही ऑक्सिजन ओढून घेतो आणि काळा कार्बन मागे टाकत जळत राहतो! त्याला लागते कोरडी वाळू. गंधकाचं आणखी तिसरंच. त्याला पाणी चालतं, पण बारीक फवाऱ्याचं. जोराचा झोत मारला तर भुकटी हवेत उडते, आणि उडालेली भुकटीच स्फोट घडवू शकते. शिवाय त्याची निळी ज्योत दिवसाउजेडी जेमतेम दिसते.

घटनास्थळी पोहोचणाऱ्या माणसाला रसायनशास्त्र आठवायला वेळ नसतो. म्हणून आपल्याकडेही रसायनं नेणाऱ्या टँकरवर माहितीची पाटी सक्तीची आहे. तिच्यावर पदार्थाचा चार आकडी क्रमांक असतो. अमोनियम नायट्रेटचा १९४२, गंधकाचा १३५०. त्याच पाटीवरच्या सांकेतिक खुणेचा पहिला आकडा उपाय सांगतो: १ म्हणजे जाड फवारा, २ बारीक फवारा, ३ फेस, ४ कोरडं माध्यम. पुढे ‘ई’ हे इंग्रजी अक्षर असेल तर परिसर रिकामा करण्याचा विचार करा.

द्रुतगती मार्गावर असा टँकर उलटलेला दिसला तर व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नका. वारा जिकडून येतोय त्या बाजूने लांब व्हा, ११२ वर फोन करा, आणि दुरून वाचता आला तर तो चार आकडी क्रमांक आधी सांगा.