बँकांच्या रोखे-गुंतवणुकीचे लेखांकन : वर्गीकरण, मूल्यमापन आणि नफ्याचे स्वरूप

सारांश : कर्जाच्या खालोखाल रोख्यांतील गुंतवणूक ही भारतीय बँकांच्या ताळेबंदातील सर्वांत मोठी मत्ता आहे. एकच रोखा कोणत्या गटात नोंदविला जातो यावरून बँकेचा नफा, राखीव निधी आणि भांडवल यांचे चित्र बदलते. प्रस्तुत लेखात भारतीय रिझर्व्ह बँकेने २००० साली लागू केलेली आणि १ एप्रिल २०२४ पासून बदललेली वर्गीकरण पद्धती उदाहरणांसह स्पष्ट केली आहे.

बीजशब्द : रोखे, वैधानिक रोखता प्रमाण, वाजवी मूल्य, तरतूद, राखीव निधी.

१. प्रस्तावना

बँकेचा मुख्य व्यवसाय ठेवी स्वीकारणे व कर्जे देणे हा असला, तरी जमा झालेल्या सर्व ठेवी कर्जरूपाने देता येत नाहीत. बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ च्या कलम २४ नुसार बँकेला आपल्या निव्वळ मागणी व मुदत दायित्वांचा ठरावीक हिस्सा रोख, सोने किंवा मान्यताप्राप्त रोख्यांत ठेवावा लागतो. हे वैधानिक रोखता प्रमाण एप्रिल २०२० मध्ये १८ टक्क्यांवर आणण्यात आले. साहजिकच केंद्र व राज्य शासनांचे रोखे हा बँकेच्या गुंतवणुकीचा कणा ठरतो. याखेरीज कंपन्यांचे कर्जरोखे, भाग आणि उपकंपन्यांतील गुंतवणूक यांचाही त्यात समावेश होतो.

शासकीय रोख्यात मुद्दल बुडण्याचा धोका जवळजवळ नसतो, परंतु किंमत घटण्याचा धोका मात्र असतो. बाजारातील व्याजदर वाढले की जुन्या, कमी व्याजाच्या रोख्यांची किंमत उतरते आणि व्याजदर घटले की ती चढते. हा चढउतार हिशोबपुस्तकात केव्हा आणि कोठे नोंदवावा, हाच गुंतवणूक लेखांकनाचा मध्यवर्ती प्रश्न होय.

२. लेखाची उद्दिष्टे

(१) गुंतवणूक लेखांकनाच्या नियमांचा विकास थोडक्यात मांडणे.
(२) जुन्या व नव्या वर्गीकरणातील फरक उदाहरणाद्वारे स्पष्ट करणे.
(३) या फरकाचा नफा व भांडवल यांवरील परिणाम तपासणे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९९१ च्या नरसिंहम समितीच्या शिफारशींपूर्वी बँका बहुतांश रोखे खरेदीकिमतीलाच दाखवीत असत. १९९२ पासून रोख्यांची ‘कायम’ आणि ‘चालू’ अशी विभागणी सुरू झाली व चालू गटातील रोख्यांना बाजारमूल्याची कसोटी लावण्यात आली. त्याच वर्षी उघडकीस आलेल्या रोखे घोटाळ्याने मूल्यमापनाइतकाच रोख्यांच्या प्रत्यक्ष ताब्याचा व नोंदींच्या पडताळणीचा प्रश्न ऐरणीवर आणला. पुढे २००२ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेसह काही सहकारी बँकांनी दलालांमार्फत शासकीय रोख्यांची खरेदी केली, पैसे दिले, परंतु रोखे हाती आलेच नाहीत, असे निष्पन्न झाले. पुस्तकात नोंदलेली गुंतवणूक खरोखर अस्तित्वात आहे की नाही, ही लेखांकनाची पहिली पायरी असून मूल्यमापन त्यानंतर येते, हा धडा महाराष्ट्राने मोठी किंमत मोजून घेतला.

सप्टेंबर २००० अखेरपासून बँकांना त्रिविध वर्गीकरण लागू झाले. मुदतपूर्तीपर्यंत धारण करावयाचे रोखे म्हणजे ‘एचटीएम’, विक्रीसाठी उपलब्ध रोखे म्हणजे ‘एएफएस’ आणि अल्पकालीन खरेदी-विक्रीसाठी घेतलेले रोखे म्हणजे ‘एचएफटी’ असे हे तीन गट होते. हा आराखडा सुमारे तेवीस वर्षे टिकला. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये नवे निर्देश काढले आणि १ एप्रिल २०२४ पासून ते वाणिज्य बँकांना लागू झाले. प्रादेशिक ग्रामीण बँका व नागरी सहकारी बँका या निर्देशांच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या.

४. खरेदीच्या वेळची नोंद

शासकीय रोख्यावरील व्याज सहामाही मिळते. दोन व्याजतारखांच्या मध्ये रोखा खरेदी केल्यास, विक्रेत्याने तो धारण केलेल्या दिवसांचे व्याज खरेदीदार बँकेला किमतीबरोबर द्यावे लागते. यास खंडित कालावधीचे व्याज म्हणतात. ही रक्कम रोख्याच्या किमतीत मिळवावयाची नसते, तर ती नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून दाखवावयाची असते. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत हमखास आढळणारी चूक येथेच होते. हे व्याज किमतीत मिळविल्यास मत्ता फुगते आणि पुढील व्याजतारखेला मिळणारे पूर्ण सहामाही व्याज उत्पन्न म्हणून दाखविले गेल्याने नफाही फुगतो.

ताळेबंदात गुंतवणूक अनुसूची ८ मध्ये, तिच्यावरील व्याज अनुसूची १३ मध्ये आणि विक्रीवरील नफा-तोटा अनुसूची १४ मध्ये दर्शविला जातो.

५. जुनी पद्धती (२००० ते २०२४)

एचटीएम गटातील रोखे खरेदीकिमतीला दाखविले जात. दर्शनी मूल्यापेक्षा अधिक किंमत दिली असल्यास ते अधिमूल्य उर्वरित मुदतीत विभागून निर्लेखित केले जाई. दर्शनी मूल्यापेक्षा कमी किमतीला घेतलेल्या नियमित व्याजाच्या रोख्यावरील लाभ मात्र मुदतपूर्तीपर्यंत नोंदला जात नसे. आरंभी या गटास एकूण गुंतवणुकीच्या २५ टक्के इतकी मर्यादा होती. २००४ पासून वैधानिक प्रमाणासाठीच्या रोख्यांकरिता ती शिथिल करण्यात आली.

एएफएस व एचएफटी गटांतील रोख्यांचे बाजारमूल्याने मूल्यमापन होई. रोख्यांच्या प्रत्येक वर्गातील वाढ व घट यांची परस्पर वजावट करून निव्वळ घट आल्यास नफ्यातून तरतूद करावी लागे, तर निव्वळ वाढ आल्यास ती दुर्लक्षिली जाई. सावधगिरीच्या तत्त्वाचा हा शब्दशः अवलंब होता. परिणामी व्याजदर वाढताना तोटा ताबडतोब दिसे, मात्र व्याजदर घटताना होणारा लाभ विक्री होईपर्यंत अदृश्य राही. त्यामुळे नफ्याची गरज भासेल तेव्हा किंमत वाढलेले रोखे विकण्याचा मोह उत्पन्न होई.

या पद्धतीचा ताण २०१७-१८ मध्ये प्रकर्षाने जाणवला. व्याजदर वाढल्याने बँकांवर मोठ्या तरतुदींचा भार आला. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ व मार्च २०१८ या तिमाहींतील असा तोटा चार तिमाहींपर्यंत विभागण्याची मुभा दिली. त्याचबरोबर एएफएस व एचएफटी गुंतवणुकीच्या किमान २ टक्के इतका गुंतवणूक चढउतार राखीव निधी उभारण्यास सांगितले.

६. नवी पद्धती (१ एप्रिल २०२४ पासून)

नव्या निर्देशांत वर्गीकरणासाठी दोन प्रश्न विचारले जातात. पहिला असा की, रोख्यापासून मिळणारी रक्कम केवळ मुद्दल व त्यावरील व्याज एवढीच आहे काय? दुसरा असा की, बँकेने तो कोणत्या हेतूने घेतला आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असून मुदतपूर्तीपर्यंत रक्कम वसूल करणे हाच हेतू असल्यास रोखा एचटीएम गटात जातो. वसुली व विक्री हे दोन्ही हेतू असल्यास तो एएफएस गटात जातो. उरलेली सर्व गुंतवणूक ‘एफव्हीटीपीएल’ या गटात येते. या गटातील वाजवी मूल्यातील बदल थेट नफा-तोटा पत्रकात जातात. एचएफटी हा आता याच गटाचा उपगट आहे. उपकंपन्या, सहयोगी संस्था व संयुक्त उपक्रम यांतील गुंतवणूक स्वतंत्र ठेवली जाते.

महत्त्वाचे बदल पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) एचटीएम गटात अधिमूल्याप्रमाणेच कमी किमतीचा लाभही उर्वरित मुदतीत विभागला जातो. सहा वर्षे मुदत उरलेला १०० कोटी रुपये दर्शनी मूल्याचा रोखा ९७ कोटींना घेतल्यास, सरळ रेषा पद्धतीने दरवर्षी ५० लाख रुपये उत्पन्नात धरले जातील. जुन्या पद्धतीत तीन कोटी रुपये सहाव्या वर्षी एकदम दिसले असते.

(आ) एएफएस गटातील निव्वळ वाढ किंवा घट नफा-तोटा पत्रकात न जाता ‘एएफएस राखीव’ या खात्यात जाते. कर्जरोखा विकला की साठलेला लाभ वा तोटा नफा-तोटा पत्रकात वळविला जातो. हे राखीव खाते भांडवलाच्या गणनेत धरले जाते.

(इ) एचटीएम गटावरील कमाल मर्यादा हटविण्यात आली. मात्र वर्षारंभीच्या पुस्तकी मूल्याच्या ५ टक्क्यांहून अधिक विक्री करण्यास आणि गट बदलण्यास सामान्यतः रिझर्व्ह बँकेची पूर्वसंमती आवश्यक करण्यात आली.

(ई) वाजवी मूल्य कोणत्या माहितीवर आधारले आहे त्यानुसार तीन स्तर ठरविण्यात आले. पहिल्या स्तरात सक्रिय बाजारातील प्रत्यक्ष किंमत असते, तर तिसऱ्या स्तरात बाजारात न दिसणाऱ्या गृहीतकांवरील अंदाज असतो. तिसऱ्या स्तरातील न मिळालेल्या लाभातून लाभांश वाटता येत नाही.

७. उदाहरण

एका बँकेने १ एप्रिल रोजी १०० कोटी रुपयांचा, दहा वर्षे मुदतीचा, ७ टक्के व्याजाचा रोखा दर्शनी मूल्याला घेतला असे मानू. सोयीसाठी व्याज वार्षिक धरले असून कराचा विचार केलेला नाही. वर्षअखेरीस व्याज जमा झाल्यावर बाजारातील परतावा ८ टक्के झाला, तर नऊ वर्षे उरलेल्या या रोख्याची किंमत सुमारे ९३.७५ कोटी होईल. म्हणजे घट ६.२५ कोटींची होय.

एचटीएम गटात व्याज ७ कोटी, नफा ७ कोटी आणि ताळेबंदातील मूल्य १०० कोटी राहील. जुन्या एएफएस पद्धतीत ६.२५ कोटींची तरतूद होऊन नफा ०.७५ कोटी उरला असता. नव्या एएफएस पद्धतीत नफा ७ कोटी राहील, परंतु राखीव खात्यात ६.२५ कोटींची घट दिसेल. एफव्हीटीपीएल गटात नफा ०.७५ कोटी होईल.

उलट परतावा ६ टक्क्यांवर उतरल्यास किंमत सुमारे १०६.८० कोटी होईल. तेव्हा जुन्या एएफएस पद्धतीत ६.८० कोटींची वाढ पुस्तकात कोठेच आली नसती. नव्या पद्धतीत ती एएफएस राखीव खात्यात येते आणि एफव्हीटीपीएल गटात नफा १३.८० कोटी होतो. रोखा एकच, व्याजाची रोख आवकही एकच, तरीही नफ्याचे आकडे ०.७५ कोटींपासून १३.८० कोटींपर्यंत बदलतात.

८. चर्चा

नव्या पद्धतीने जुनी विषमता दूर केली, कारण वाढ व घट यांना आता समान वागणूक मिळते. तथापि एएफएस गटातील तोटा नफ्यात दिसत नाही म्हणून तो नाहीसा झालेला नसतो. तो भांडवलातून वजा होतो. म्हणून केवळ नफ्याच्या आकड्यावरून बँकेची तुलना करणे अपुरे ठरते.

एचटीएम गटाबाबतचा प्रश्न अधिक गंभीर आहे. हा गट ‘मुदतपूर्तीपर्यंत थांबण्याची क्षमता’ गृहीत धरतो, पण ही क्षमता बँकेच्या इच्छेवर नव्हे, तर ठेवीदारांच्या विश्वासावर अवलंबून असते. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. २०२२ अखेरीस या बँकेकडे सुमारे ९१ अब्ज डॉलरचे एचटीएम रोखे होते आणि त्यांचे बाजारमूल्य सुमारे १५ अब्ज डॉलरने कमी होते. बँकेचे एकूण स्वभांडवल सुमारे १६ अब्ज डॉलर होते. हा फरक ताळेबंदाच्या आकड्यांत नव्हता, टिपांत होता. मार्च २०२३ मध्ये एएफएस रोखे तोट्यात विकल्याची घोषणा होताच ठेवी काढून घेण्याची रीघ लागली आणि १० मार्च रोजी बँक बंद करण्यात आली. थांबण्याची क्षमता संपताच मुदतपूर्तीपर्यंतच्या मूल्यालाही अर्थ उरला नाही.

नागरी सहकारी बँका नव्या निर्देशांतून वगळल्या गेल्याने १ एप्रिल २०२४ रोजी दोन पद्धती शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. सहकारी बँकांचे जाळे दाट असलेल्या महाराष्ट्रात याचे महत्त्व विशेष आहे. एकाच गावातील वाणिज्य बँक आणि सहकारी बँक यांचे गुंतवणुकीचे आकडे समान कसोटीवर तोलता येतीलच असे नाही. पगार, निवृत्तिवेतन किंवा पतसंस्थेचा निधी ज्या बँकेत आहे तिचा अहवाल वाचताना हे भान ठेवावे लागते.

९. समारोप

वर्गीकरणामुळे रोख्याची किंमत बदलत नाही. ती बदलल्याचे वाचकाला केव्हा व कोठे कळेल, एवढेच वर्गीकरण ठरविते. म्हणून बँकेचा वार्षिक अहवाल अभ्यासताना तीन आकडे एकत्र पाहणे आवश्यक आहे : एचटीएम रोख्यांचे पुस्तकी व बाजारमूल्य यांतील अंतर, एएफएस राखीव खात्याची शिल्लक आणि बँकेचे एकूण भांडवल. वाणिज्य शाखेच्या अध्यापनात अनुसूची ८ ची केवळ मांडणी न शिकविता, प्रत्यक्ष अहवालांतील टिपांसह हे तीन आकडे विद्यार्थ्यांकडून काढून घेतल्यास बँकेचा नफा आणि बँकेचे सामर्थ्य यांतील भेद त्यांच्या लक्षात येईल.