अठरातले सतरा गप्प

1999 च्या सुरुवातीला जगातले माहीत असलेले ब्लॉग एका कागदावर मावत होते. जेसी जेम्स गॅरेट हा अमेरिकेतला डिझायनर आपल्या साइटसारख्या साइट्सची नावं जमवत होता. भरली 23. कोकणातल्या एखाद्या वाडीत याहून जास्त घरं असतात.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली. एचटीएमएल शिकायची कटकट गेली, आणि पूर आला. ब्लॉगांची खानेसुमारी ठेवणाऱ्या टेक्नोराटी कंपनीनं जुलै 2005 अखेर मोजले 1 कोटी 42 लाख. जवळजवळ दर सेकंदाला एक नवा जन्मत होता आणि साडेपाच महिन्यांत आकडा दुप्पट होत होता. तोच वेग टिकता, तर 2009 सरायच्या आत पृथ्वीवर माणशी एक ब्लॉग पडला असता, पाळण्यातली बाळं धरून.

तसं झालं नाही, पण टेक्नोराटीचा 2008 चा आकडाही गरगरवणारा आहे: 13 कोटी 30 लाख. 2011 च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र 11 कोटी 24 लाख भरला होता. या प्रत्येक ब्लॉगला फक्त एक मिनिट द्यायचं ठरवलं, न जेवता, न झोपता, तर 253 वर्षं लागतात. म्हणजे 2008 मध्ये वाचून संपवायचे असते, तर 1755 मध्ये सुरुवात करायला हवी होती. तेव्हा पुण्यात नानासाहेब पेशवे होते आणि पानिपत व्हायचं होतं.

आता त्याच मोजणीतला दुसरा आकडा. मागच्या 120 दिवसांत काही नवं लिहिलं गेलं होतं, असे ब्लॉग 74 लाख. अठरातले सतरा गप्प! मराठीत ब्लॉगला ‘अनुदिनी’ असं गोड नाव मिळालं. अनुदिनी म्हणजे दररोज. नाव ठेवणाऱ्याचा आशावाद दांडगा म्हणायचा.

पण गप्प म्हणजे वाया, हे मला पटत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा ‘मुंबई हेल्प’ नावाच्या ब्लॉगवर लोक एकमेकांना माहिती पुरवत होते. पुढच्या वर्षी 11 जुलैला लोकलमध्ये स्फोट झाले. त्यानंतर सरकारनं मोजकी वीसेक पानं बंद करायला सांगितली, तर इंटरनेट कंपन्यांनी सगळं ब्लॉगस्पॉटच बंद केलं. सुक्याबरोबर ओलंही जळालं. त्यात ‘मुंबई हेल्प’ही गेला.

आणि पाकिस्तानातल्या स्वातमधली ती 11 वर्षांची मुलगी. तालिबानच्या धाकात मलाला यूसुफझाई हातानं मजकूर लिहायची, कागद बातमीदाराकडे जायचे आणि बीबीसी उर्दूच्या साइटवर ते ‘गुल मकई’ या टोपणनावानं झळकायचे. 3 जानेवारी 2009 ला सुरू झालेली ही रोजनिशी 12 मार्चला थांबली. जेमतेम दहा आठवडे.

टेक्नोराटीची 120 दिवसांची फूटपट्टी लावली, तर 10 जुलैनंतर तिची गणतीही त्या गप्प सतरांतच.