नळाचा वायसर कोणत्या लेखाशीर्षात बसतो?

विद्यापीठाच्या प्रशासनात माझी सगळी नोकरी गेली. कनिष्ठ लिपिक म्हणून चिकटलो, सहायक कुलसचिव म्हणून निवृत्त झालो. कोणतं विद्यापीठ ते सांगत नाही. पुढं त्याची थोडी उणीदुणी निघणार आहेत आणि जुने सहकारी अजून मला चहाला बोलावतात.

बाहेरच्या माणसाला विद्यापीठ म्हटलं की परीक्षा, निकालाला लागलेला उशीर आणि पदवीदान समारंभ एवढंच ठाऊक असतं. पण परिसर म्हणजे पाणी, वीज, रस्ते, सांडपाणी, वसतिगृहं, माळी, पहारेकरी आणि भटकी कुत्री हा सगळा संसार असतो. तो चालवायला विद्यापीठ अभियंत्याचं कार्यालय असतं, इमारत व बांधकाम समिती असते आणि या सगळ्यांच्या वर वित्त विभागाची लाल पेन्सिल असते.

एखादं काम कसं होतं ते सांगतो. समजा, वसतिगृहाच्या मागच्या गटारीचं पाणी तुंबतंय. अधीक्षक पत्र लिहितात. अभियंता विभाग जागा पाहून अंदाजपत्रक करतो. मग टिपणी तयार होते, शेवटची ओळ ठरलेली, ‘मान्यतेस्तव सविनय सादर’. नस्ती कुलसचिवांकडून वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडे जाते आणि तिथं पहिला प्रश्न येतो, लेखाशीर्ष कोणतं? तरतूद शिल्लक असेल तर प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, रक्कम मोठी असेल तर ई-निविदा, मग कार्यारंभ आदेश. काम झाल्यावर मोजमाप पुस्तिकेत नोंद आणि त्यानंतर देयक. एवढ्या टप्प्यांना लोक हसतात. मी हसत नाही. पैसा विद्यार्थ्यांच्या शुल्काचा आणि सरकारचा असतो, त्याला चार सह्यांचा पहारा हवाच.

माझी तक्रार वेगळी आहे. अर्थसंकल्पात नव्या बांधकामाला भरघोस तरतूद होते आणि देखभाल-दुरुस्तीला उरलंसुरलं मिळतं. नव्या इमारतीसाठी अनुदान येतं, तिचं भूमिपूजन होतं, उद्घाटन होतं, कोनशिलेवर नावं कोरली जातात. वायसर बदलल्याचं उद्घाटन कोण करणार? आमच्याकडे मुलींच्या वसतिगृहात एक नळ गळायचा. नळ खरेदी भांडार विभागाकडं, प्लंबर कंत्राटी एजन्सीचा, आणि कंत्राटात ‘साहित्य वगळून’ असं लिहिलेलं. त्यामुळं प्लंबर यायचा, वायसर गेलाय असं सांगायचा आणि जायचा. शेवटी त्या मुलींनी वर्गणी काढून वायसर आणला. त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर नव्या सभागृहाचं काम जोरात चालू होतं.

रॅम्पचीही तीच तऱ्हा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 साली आला, तपासणी पथकं येऊ लागली आणि आम्ही इमारतींपुढं रॅम्प घातले. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी लागते, हे सर्वसाधारण प्रमाण. आमच्या ठेकेदारानं तेही पाळलं. फक्त रॅम्प संपतो तिथं दाराचा जुना दगडी उंबरा तसाच राहिला, चांगला चार बोटं उंच. अंदाजपत्रकात रॅम्प होता, उंबरा नव्हता. चाकाच्या खुर्चीवरचा विद्यार्थी वरपर्यंत यायचा आणि दाराशी शिपायाला हाक मारायचा. खुर्चीवर बसणाऱ्या एका तरी विद्यार्थ्याला आधी विचारलं असतं, तर तो उंबरा नकाशातच दिसला असता.

मी शिकलो मात्र कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठात. परिसराचं नियोजन म्हणजे काय याचा चांगला नमुना मला अजून तोच वाटतो. आपल्या विद्यापीठाबद्दल माणूस जरा जास्तच बोलतो, हे धरून वाचावं. 18 नोव्हेंबर 1962 रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. इतिहासाचे अभ्यासक डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू. जागा मिळाली ती सागरमाळाची, सुमारे 853 एकर. नावातच माळ आहे. आज मुख्य इमारतीपुढच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी उभं राहिलं की झाडी दिसते, मोरांचा आवाज येतो आणि नवख्याला वाटतं, जागाच अशी असेल. तशी ती नव्हती. झाडं लावावी लागली आणि त्याहून अवघड म्हणजे ती जगवावी लागली.

जगवायची तर पाणी हवं. हिशेब साधा आहे. एका एकरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला की साधारण 40 हजार लिटर पाणी होतं. 853 एकरांचं धरलं तर जवळजवळ साडेतीन कोटी लिटर, तेही एका सेंटिमीटरला. माळावरून हे पाणी उतारानं निघून जातं. विद्यापीठानं उतार ओळखून आवारात तळी केली, विहिरी जपल्या, पावसाचं पाणी त्यांच्याकडं वळवलं. भाषा भवनाजवळचं तळं लोक फोटोसाठी ओळखतात, पण ते आहे साठवणीसाठी. 2019च्या महापुरात कोल्हापूर शहराचे पाणी उपसा करणारे पंप बुडाले, चारी बाजूंना पाणी असून नळ कोरडे पडले. तेव्हा या माळावरच्या साठ्यातून शहराला पाणी दिलं गेलं. 2021 साली नॅकनं विद्यापीठाला ए-प्लस-प्लस श्रेणी दिली, त्याचं कौतुक आहेच. पण मला विचाराल तर त्या महापुरातले टँकर हे अधिक मोठं प्रमाणपत्र.

अशी कामं एका कुलगुरूच्या कारकिर्दीत पुरी होत नाहीत. कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची, आणि सावली धरणारं झाड त्याहून जास्त वर्षं घेतं. म्हणून आराखडा कागदावर हवा आणि तो पुढच्या माणसानं मोडू नये अशी सोय हवी. ही सोय कायद्यात थोडीफार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, 2016 प्रमाणे अर्थसंकल्प वित्त व लेखा समितीतून व्यवस्थापन परिषदेकडं जातो आणि अधिसभेपुढं येतो, बहुधा मार्चमध्ये. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य बसतात. म्हणजे तुम्ही-आम्ही निवडलेले.

गंमत अशी की ही नोंदणी करणारे पदवीधर फार थोडे. पदवी फ्रेम करून भिंतीवर लावतात आणि मतदार नोंदणीचा अर्ज भरायचा कंटाळा करतात. त्यामुळं ज्याच्याकडं संघटना आहे तो आपल्या माणसांचे अर्ज भरून घेतो आणि निवडून येतो. त्याला दोष का द्यावा? त्यानं निदान कष्ट घेतले.

तुमच्या विद्यापीठाची अधिसभेची नोंदणी पुढच्या वेळी सुरू झाली की अर्ज भरा. उमेदवार मत मागायला आला की त्याला एवढंच विचारा, देखभाल-दुरुस्तीच्या शीर्षात यंदा किती तरतूद आहे आणि गेल्या वर्षीची किती खर्च झाली? उत्तर देता आलं तर मत द्या. नाही आलं, तर आधी अर्थसंकल्प वाचून या म्हणावं.