आमचे फाटक आणि केबिन

आमच्या शिवारातून दौंड-मनमाड रेल्वे जाते. एका अंगाला चितळी स्टेशन, दुसऱ्या अंगाला पुणतांबे. वस्तीवरच्या मुलांना शाळेत यायला रोज फाटक ओलांडावे लागते. फाटक पडलं की मोठी माणसेसुद्धा गेटमनवर ओरडतात, "अहो, गाडी कुठं दिसतीय? उघडा की!" तो का उघडत नाही ते मी येथे लिहिते आहे. माझे आजोबा रेल्वेत गँगमन होते. त्यांनी व गुरुजींनी मला ही माहिती सांगितली.

पूर्वी मनमाडवरून भुसावळकडे एक लाईन जात होती व दौंडवरून सोलापूरकडे दुसरी. त्या दोन्ही जोडायला ही लाईन टाकली. १८७६ साली आपल्याकडे मोठा दुष्काळ पडला होता. तेव्हा दुष्काळी काम म्हणून या लाईनीच्या मातीकामावर लोक लावले. म्हणजे ज्या भरावावरून आपली गाडी पळते, तो उपाशी माणसांनी टाकला आहे. १८७८ साली गाडी सुरू झाली. रुळांनी बैलगाडीच्या वाटा तोडल्या, म्हणून जागोजागी फाटके करावी लागली.

आता केबिन. जुनी केबिन म्हणजे स्टेशनजवळची माडीची खोली. वर चहूकडे खिडक्या, म्हणजे लांबपर्यंत रूळ दिसतात. आत लोखंडी दांड्यांची रांग असे. लाल दांडी सिग्नलची, काळी सांध्याची, निळी कुलपाची आणि पांढरी बिनकामाची. दांडी ओढली की तार ताणायची आणि लांबवर सिग्नलचा हात खाली पडायचा. हात आडवा असला तर थांब, पडला तर ये. आजोबा म्हणतात, उन्हाळ्यात तार वाढून सैल पडायची, मग ती ताणून घ्यावी लागे. उष्णतेने लोखंड वाढते हे आपण पुस्तकात वाचतोच.

खरी गंमत दांड्यांच्या खाली होती. तिथे सगळ्या दांड्या एकमेकींत अडकवलेल्या. जे फाटक सिग्नलला जोडलेले असते, ते बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय सिग्नलची दांडी हलतच नाही. आणि एकदा सिग्नल दिला की फाटकाची किल्ली निघत नाही. माणूस विसरला तरी लोखंड विसरत नाही! सांधे आणि सिग्नल असे एकत्र चालवण्याचे पेटंट विलायतेत जॉन सॅक्सबी यांनी १८५६ साली घेतले. ते मूळचे सुतार होते. मला हे फार आवडले, कारण आमच्या शेजारीही सुताराचा नेट आहे.

आजोबांच्या वेळी एका फाटकावर बाळंतपणाला निघालेली बाई बैलगाडीत अडकली होती. लोक गेटमनच्या अंगावर धावून गेले. तो रडकुंडीला आला, पण किल्ली निघेना. तेवढ्यात मालगाडी धडधडत गेली. मग फाटक उघडले. बाई सुखरूप पोचली. वेगातली गाडी ब्रेक दाबला तरी पाऊण-एक किलोमीटर पुढे जाते. आपल्याला गाडी दिसते तोवर उशीर झालेला असतो.

जे फाटक सिग्नलला जोडलेले नसते, तिथे स्टेशन मास्तर फोन करतात. गेटमन फाटक लावतो आणि एक गुप्त आकडा सांगतो. आकडा मिळाल्यावरच गाडी सोडतात. रुळाकडेला पिवळ्या पाटीवर 'सी/फा' लिहिलेले असते ते तुम्ही पाहिले असेल. त्याचा अर्थ, सीटी वाजवा, पुढे फाटक आहे.

आता लाईनीवर वीज आली. हाताच्या जागी रंगीत दिवे आले. दांड्यांचे काम स्टेशनातली बटणे करतात. मोठ्या लाईनीवरची बिनमाणसाची सगळी फाटके जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली. पण फाटक आणि सिग्नलची गाठ तशीच आहे. कारखाने सुरू झाले की आमच्या फाटकावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या. शेवटची ट्रॉली रुळापलीकडे गेली का हे गेटमनकाका वाकून बघतात, मगच फाटक पाडतात. तोपर्यंत तिकडे दिवा लालच असतो.