काचेला चिकटलेला डिंक

२७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोटारींच्या काचांवर काळी फिल्म लावण्यास मनाई केली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० प्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. हा गुण काचेच्या घडणीतच असावयास हवा, वरून काही चिकटवून तो साधावयाचा नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. या नियमात पुढे फेरफार झाले. टक्केवारी मात्र तीच राहिली. फिल्म ओढून काढणे हे काही मिनिटांचे काम होय. तिच्यामागे उरणारा डिंक मात्र मालकाला दिवसभर गुंतवून ठेवतो. काचेवरचा कोणताही जुना स्टिकर काढताना अडचण येते ती हीच. कागद निघतो, डिंक राहतो. त्यावर धूळ बसते आणि रात्री समोरच्या गाडीचा झोत त्यावर पडला, की तेवढा भाग पांढुरका होऊन मागचा रस्ता झाकून टाकतो.

आपण घरी करतो ती खळ आणि हा डिंक यांत मूलभूत फरक आहे. खळीतील पाणी उडून गेले, की ती वाळते व कागद धरून ठेवते. तिला पुन्हा भिजवले, की ती सुटते. स्टिकरचा डिंक कधी वाळतच नाही. स्टँटन एव्हरी यांनी १९३५ साली अमेरिकेत स्वयंचिकट लेबले बनविण्यास आरंभ केला, तेव्हापासून त्याचे घटक बदलत गेले, पण तत्त्व तेच आहे. रबर किंवा अ‍ॅक्रिलिक बहुवारिकांचे साखळीसारखे लांब रेणू या डिंकात एकमेकांत गुंतलेले असतात. बोटाने दाबले, की तो द्रवासारखा पसरून काचेला सर्वत्र भिडतो. ओढले, की घन पदार्थासारखा प्रतिकार करतो. मराठीत ‘चिकट’ आणि ‘चिवट’ असे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपले भाग्यच म्हणावयाचे. काचेला धरून ठेवतो तो चिकटपणा. स्वतः तुटत नाही तो चिवटपणा. नवा स्टिकर सोलताना सबंध निघून येतो, कारण त्याच्या डिंकाचा चिवटपणा चिकटपणाहून अधिक असतो. उन्हातान्हात वर्षे गेली, की हा तोल बिघडतो.

ऊन येथे दोन प्रकारे काम करते. उष्णतेने डिंक काचेच्या अधिकाधिक निकट जातो, तर अतिनील किरणांनी त्याचे रेणू तुटतात किंवा नको तेथे जोडले जातात. प्लास्टिकच्या स्टिकरला मऊ ठेवणारे द्रव्यही उडून जाते. मग तो सोलू गेल्यास नखाएवढे तुकडे पडतात. पुढची काच दोन थरांची असून त्यांमधील प्लास्टिकचा पडदा बहुतेक अतिनील किरण अडवतो. म्हणून तिच्या आतल्या बाजूचा स्टिकर बाजूच्या काचेवरील स्टिकरहून कमी हट्टी होतो. फास्टॅगची गोष्ट वेगळी. तो काढताना फाटावा अशीच त्याची रचना असते, तेव्हा तो अखंड काढून दुसरीकडे लावण्याच्या भरीस पडू नये.

डिंकाचा स्वभाव कळला, की उपाय आपोआप सुचतो. झटका दिला, तर तो ताठरतो आणि सारे बळ वरच्या कागदावर येऊन कागद फाटतो. सावकाश ओढले, तर तो ताणला जातो व वाट देतो. ऊब दिल्यास हे अधिक सुलभ होते. केस वाळवण्याचे यंत्र किंवा गरम पाण्यात पिळलेले फडके पुरते. काच हाताला सोसवेल इतकीच तापवावी. त्याहून अधिक तापवल्यास डिंक मधोमध दुभंगून निम्मा काचेवर राहतो. उकळते पाणी तर कधीच ओतू नये. पुढच्या काचेला बारीकसा टवका गेलेला असला, तरी तेथून तडा धावतो.

कागदी स्टिकर आधी साबणाच्या पाण्यात भिजवावा. वरचा थर प्लास्टिकचा असेल, तर पाणी आत शिरत नाही. तो थर प्रथम सोलून घ्यावा लागतो. उरलेल्या डिंकावर खोबरेल तेल किंवा थोडे रॉकेल लावून पाव तास थांबावे. रबरी डिंक तेलाने फुगतो आणि बोटाखाली वळकट्या होऊन निघतो. अ‍ॅक्रिलिक डिंकाला तेल फारसे लागू पडत नाही, त्याला स्पिरिट हवे. थांबण्याची ही पाव तासाची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग घासून घासून हात दुखवून घेतात. द्रावक कापडावर घ्यावा. रंगावर, रबरी पट्टीवर किंवा आतील प्लास्टिकवर तो ओघळू देऊ नये. गाडीची दारे उघडी ठेवावीत. पेट्रोल वापरण्याची सवय काही ठिकाणी दिसते, ती सोडून द्यावी. बंद गाडीत त्याची वाफ साठली, तर एक ठिणगी पुरते.

पात्याची भीती अनेकांना वाटते, पण काचेवर ओरखडे उठतात ते बहुधा धुळीतील वाळूमुळे. काचेचे काठिण्य साडेपाचच्या आसपास, तर वाळूतील क्वार्ट्झचे सात. यास्तव आधी काच धुवावी, ती ओली ठेवावी आणि नवे पाते जवळजवळ आडवे धरून एकाच दिशेने पुढे न्यावे.

मागच्या काचेला मात्र पाते लावूच नये. अनेक गाड्यांत तिच्या आतल्या बाजूस तांबूस आडव्या रेषा दिसतात. त्या वीज वाहणाऱ्या द्रव्याच्या असून काचेवरील धुके घालवण्यासाठी असतात. एक रेष खरवडली गेली, की तिच्यातील प्रवाह थांबतो आणि धुक्याचा तेवढा पट्टा पावसाळ्यात घाट उतरताना डोळ्यांसमोर राहतो. तेथे ऊब, तेल आणि वेळ यांवरच भिस्त ठेवावी, कापडही रेषांना समांतर फिरवावे.

शेवटी साबणाने तेलाचा अंश धुऊन काच कोरडी करावी व तिच्यावर तोंडाने वाफ सोडावी. स्वच्छ काचेवर वाफ सारखी पसरते. डिंकाचा पातळ थर उरला असेल, तर जुन्या स्टिकरची आकृती तेथे पुन्हा उमटते. ती दिसल्यास तेवढ्याच जागी स्पिरिटचे कापड पुन्हा फिरवावे.